फी भरली, तरी मुलगी मॉलमध्ये का?

पत्र थोडक्यात: आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका संकुलात राहतो. आमच्यातल्या तीन घरी काम करणाऱ्या मावशींची मुलगी बारावीनंतर नवी मुंबईतल्या एका खासगी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजात लागली. घर मानपाड्याजवळच्या चाळीत, वडील ठेकेदाराच्या हाताखाली इमारतींचं रंगकाम करतात, प्रवर्ग ओबीसी. पाच कुटुंबांनी वर्गणी काढून पहिल्या वर्षाची ९६,००० रुपये फी थेट कॉलेजात भरली. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला होता असं ती म्हणते, पण पैसे काही आले नाहीत. आता दोन विषयांत केटी लागली आहे, म्हणजे ते पुन्हा द्यावे लागतील. शिवाय आमच्यातल्या एकांना ती संध्याकाळी मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात काउंटरवर दिसली. आम्हाला तिने याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. ग्रुपवर तीन मतं आहेत: मदत थांबवावी; किमान सात पॉइंटरची (दहापैकी सरासरी श्रेणीगुणांची) लेखी अट घालावी; किंवा शैक्षणिक कर्ज काढून द्यावं, म्हणजे तिला पैशाची किंमत कळेल. आपण फसलो का? आणि पुढच्या वर्षी काय करावं?

फसलात असं मला वाटत नाही. तुमचे पैसे मात्र बहुधा चुकीच्या जागी लागले. जी रक्कम सरकारने भरायची होती ती तुम्ही भरलीत, आणि जी भरायला कुणीच नव्हतं ती ही मुलगी संध्याकाळी दुकानात उभी राहून कमावते आहे.

आधी फीचं पाहू, कारण तिथे तुमचा सगळ्यात मोठा आकडा अडकला आहे. महाराष्ट्र सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची रक्कम १०० टक्के सरकार भरतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. खासगी विनाअनुदानित कॉलेजंही यात येतात. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं येत नाहीत. घरकाम आणि रंगकाम यांवर चालणारं घर ८ लाखांच्या आसपासही जाणार नाही, त्यामुळे प्रश्न उरतो तो प्रवेशाचा. तिचं कॅपचं अलॉटमेंट लेटर बघा. संस्थास्तरावरच्या किंवा मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेवर प्रवेश झाला असेल तर ही सवलत मिळत नाही, मग पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

कॅपमधून प्रवेश असेल तर कॉलेजची पावती काढून ९६,००० ची फोड पाहा. शिक्षण शुल्क वेगळं, विकास शुल्क वेगळं, बाकीचं किरकोळ वेगळं. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला किती फी मंजूर केली आहे ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतं, पावतीशी ताडून घ्या. समजा ७८,००० शिक्षण शुल्क आहे आणि १८,००० विकास शुल्क धरून इतर. तर १८,००० तुम्हाला द्यावे लागतीलच, पण ७८,००० तिच्याकडून घ्यायचं कारण नव्हतं. व्यवहारात अनेक कॉलेजं 'सरकारचे पैसे आले की परत देऊ' म्हणून पूर्ण फी घेतात, आणि तुमच्यासारखं कुणी एकरकमी भरणारं समोर असलं की परत देण्याची घाई कुणालाच नसते. कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि पहिल्या वर्षाचा अर्ज दुरुस्त करता येतो का हे त्याच वेळी विचारा.

आता 'फॉर्म भरला होता, पण पैसे आले नाहीत' याविषयी. हे वाक्य ऐकलं की महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर, तिच्या लॉगिनमध्ये अर्जाची स्थिती उघडून बघायची. बऱ्याच वेळा तिथे 'सेंड बॅक' असं दिसतं. कॉलेजच्या क्लार्कने त्रुटी काढून अर्ज परत पाठवलेला असतो, संदेश जुन्या मोबाइल नंबरवर जातो आणि अर्ज तिथेच पडून राहतो. कारणं ठरलेली: उत्पन्नाचा दाखला चुकीच्या आर्थिक वर्षाचा, नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपलेली, स्कॅन वाचता येत नाही, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी तर आधारवर शेवटी, किंवा वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांचं. यातलं काही दुरुस्त न होण्यासारखं नाही, पण ते मुदतीत करावं लागतं. मुलीला ते माहीत नसतं आणि आईबापांना कॉलेजच्या खिडकीशी जायला अर्धा दिवस काम बुडवावं लागतं. तुमच्या पाच घरांत ज्यांना सरकारी कागद वाचायची सवय आहे त्यांचा एक दिवस या मुलीला एका वर्गणीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

दुसरी गाठ बँकेत असते. 'आधार खात्याला लिंक आहे' असं बँक सांगते तेव्हा बहुतेक वेळा केवायसीसाठी आधार दिलेलं आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. सरकारी पैसे ज्या खात्याशी आधार सीड झालेलं आहे, म्हणजे एनपीसीआय या देयक महामंडळाच्या नोंदीत ज्या बँकेचं नाव आहे, तिथे जातात. माय-आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की दोन मिनिटांत कळतं. कधी कधी पैसे येऊन पडलेलेही असतात, शाळेत असताना उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात! सीडिंगच नसेल तर बँकेत फॉर्म द्या, किंवा पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खाते उघडून घ्या. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असायला हवा, ओटीपीशिवाय यातलं बरंच काही अडतं.

आता मॉल. ती तुम्हाला का बोलली नाही याचा विचार करण्याआधी तिचा दिवस मांडून बघा. मानपाड्याहून बस धरून ठाणे स्टेशन, तिथून नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल, पुढे कॉलेज ऐरोलीत असो की नेरुळला. घोडबंदरची सकाळची कोंडी तुम्हाला सांगायला नको. जाऊन-येऊन तीन तास धरा, कॉलेजचे आठ, दुकानातले तीन. चौदा झाले. साडेसहा तास झोप, उरलेल्या साडेतीन तासांत पाणी भरणं, स्वयंपाकाला हात लावणं, जेवण, आंघोळ आणि अभ्यास. त्यात पहिल्या वर्षी कॅपच्या शेवटच्या फेऱ्या होईपर्यंत पावसाळा निम्मा सरलेला असतो, त्यामुळे पहिलं सत्र आधीच आखडलेलं. शाळा मराठी माध्यमात झाली असेल तर गणित समजतं पण प्रश्न इंग्रजीत वाचून उत्तर इंग्रजीत लिहिण्यात वेळ जातो. पहिल्या वर्षी गणित आणि मेकॅनिक्स यांत केटी लागणं ही इंजिनीअरिंगमध्ये इतकी नेहमीची गोष्ट आहे की तुमच्या ग्रुपवर कुणी इंजिनीअर असतील तर त्यांनी आपली जुनी गुणपत्रिका काढून बघावी.

फी तुम्ही भरलीत तेव्हा 'मुलीचं शिक्षण आम्ही करतो' असं तुम्हाला वाटलं. त्यात खोटं काही नाही. पण शिक्षणाचा खर्च फीवर संपत नाही. रेल्वेचा पास सवलतीत मिळतो, कॉलेजच्या फॉर्मवर. बसचं भाडं मात्र आहेच, शिवाय कॅन्टीनमधलं खाणं, मोबाइलचा डेटा, जर्नल, ड्रॉइंगचं साहित्य, केटीचे फॉर्म, मिनी प्रोजेक्टसाठी गटात काढायचे पैसे. आणि याच्या कुठल्याही पावतीवर न दिसणारी एक रक्कम: बारावीनंतर ती कामाला लागली असती तर घरात आले असते ते पैसे. चाळीतल्या तिच्या मैत्रिणी ते आणत असतील. ही रक्कम कुणी तोंडाने मागत नाही, पण घर त्या पैशांची वाट पाहत असतं.

तिने सांगितलं नाही, याचं कारण तुम्हाला तिच्याकडूनच कळेल, माझ्याकडून नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिची आई तुमच्यातल्या तीन घरांत कामाला आहे. म्हणजे तुम्ही एकाच वेळी फी देणारे काका-काकू आहात आणि आईचे पगार देणारेही. अशा नात्यात मुलगी तुम्हाला नाराज करणारं काही सांगेल अशी अपेक्षा ठेवणं जड आहे. म्हणून विचारपूस करायची तर पाच जणांनी दिवाणखान्यात बसवून करू नका, आणि आई भांडी घासत असताना तर मुळीच नको. ज्या घरात आई काम करत नाही अशा घरातल्या एखाद्या काकूंनी तिला बाहेर, स्टेशनजवळ चहाला भेटावं. 'मॉलमध्ये का जातेस?' याऐवजी 'महिन्याला किती कमी पडतात, आणि कशाला?' असं विचारावं. उत्तर ऐकून लगेच काही ठरवू नये.

आणि हे तुमच्या ग्रुपवर स्पष्ट लिहून टाका: मावशींनी उद्या तुमचं काम सोडलं, पगार वाढवून मागितला, खाडे केले, तरी मुलीच्या मदतीशी त्याचा संबंध नाही. दोन्ही हिशेब वेगळे. पंधरा ऑगस्टला संकुलात सत्कार करून फोटो काढायचा बेत कुणाच्या डोक्यात असेल तर तोही सोडा. कॉलेजातल्या मुलांच्या फोनवर तो फोटो फिरतो.

सात पॉइंटरच्या अटीबद्दल माझं मत चांगलं नाही. अट घातलीत तर निकाल चांगला लागेल असं नाही, निकाल तुमच्यापासून लपवला जाईल एवढं नक्की. शिवाय ज्या सत्रात ती अडखळेल त्याच सत्रात तिचे पैसे बंद होतील, म्हणजे मॉलचे तास वाढतील, म्हणजे पुढचं सत्र आणखी खाली. अटी घालायच्याच असतील तर तिच्या हातात असलेल्या गोष्टींच्या घाला: हजेरी, महाडीबीटीचं नूतनीकरण मुदतीत, निकाल लागल्यावर चांगला असो वाईट असो तो आठवड्याच्या आत कळवणं. केटी घेऊन दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. वर्षच मागे पडलं तर त्या वर्षाचा सरकारी लाभ सहसा थांबतो, म्हणून केटीच्या संख्येवर लक्ष हवं, पॉइंटरवर नाही.

कर्जाचा पर्याय 'किंमत कळावी' म्हणून सुचवला असेल तर नको. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज सरकारी पतहमी योजनेत तारणाशिवाय मिळू शकतं हे खरं. पण ज्या घराचं उत्पन्न पावसाळ्यात रंगकाम बंद झालं की निम्म्यावर येतं त्या घरात हप्त्याची सुरुवात मुलीच्या पहिल्या नोकरीच्या आधीच होऊन बसण्याची भीती असते. फी सरकार भरत असताना कर्ज काढायचं कशासाठी? शासकीय सवलतीत न बसणाऱ्या मुलामुलींसाठी तो मार्ग आहे, तिच्यासाठी आज नाही.

मग वर्गणीचं काय करायचं? ९६,००० म्हणजे पाच घरांचे महिन्याला १,६०० प्रत्येकी, एकूण ८,०००. वरच्या उदाहरणातली फोड धरली तर १८,००० कॉलेजला जातील आणि ७८,००० उरतील: महिन्याला ६,५००. हे तिच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने (बँकेला एकदाच दिलेल्या कायमच्या सूचनेने) जाऊ द्या, रोख नको आणि आईच्या हाती नको. तारीख ठरलेली असणं महत्त्वाचं आहे, कारण पैसे नक्की येणार हे माहीत असेल तरच ती दुकानातली संध्याकाळ सोडेल. साडेसहा हजारांत एखाद-दोन हजार ती घरी देईल. देऊ द्या, हिशेब मागू नका. पहिले दोन-तीन महिने ५,५०० च देऊन हजार बाजूला ठेवले तर चष्मा फुटला, फोन पडला, आजारपण आलं अशा वेळेसाठी काही गंगाजळी होते. एक बारीक गोष्ट: नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० पेक्षा जास्त रक्कम मिळाली तर ती सगळी प्राप्तिकरासाठी उत्पन्नात धरली जाते. तिचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली असल्याने कर लागणार नाही, तरी कोण किती देतं याची यादी एका कागदावर ठेवा.

दुकानातलं काम पूर्ण सोडायला तिला लावू नका. कदाचित तिला ते आवडत असेल, तिथे तिला स्वतःचे पैसे मिळतात. आठवड्याच्या पाच संध्याकाळी कमी करून शनिवार-रविवारवर आणता येतं का ते बघा. रात्रीची पाळी लांबत असेल तर तिला हे माहीत असू द्या की महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्री कामगाराला तिच्या संमतीशिवाय आणि सुरक्षेच्या सोयीशिवाय थांबवता येत नाही. तिच्या कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आहे का तेही विचारा. ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत तासावर काम मिळतं, पैसे मॉलपेक्षा कमी, पण प्रवास शून्य.

वडिलांच्या बाजूने एक मोठी रक्कम राहून गेली आहे. रंगकाम हे बांधकामातलं काम आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना इंजिनीअरिंगच्या पदवीसाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. साध्या पदवीला २०,०००, वैद्यकीय पदवीला एक लाख. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. इथेच गाडी अडते. ठेकेदार सही देत नाही, कारण त्याला आपली माणसं कागदावर आणायची नसतात. पण तुमच्याच संकुलाचं रंगकाम गेल्या वर्षी-दोन वर्षांत झालं असेल तर तो ठेकेदार कोण होता ते सोसायटीच्या कमिटीला माहीत आहे, आणि कमिटीचा शब्द तो सहज टाळत नाही. नोंदणी दर वर्षी नूतनीकरण करावी लागते, ती जिवंत नसेल तर लाभ नाही. शुल्क अगदी नाममात्र आहे, 'सगळं करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला काही देऊ नका. अर्ज करताना महाडीबीटीचा लाभ चालू आहे हे लपवू नका, दोन्ही एकत्र चालतात का ते मंडळाच्या कार्यालयातच विचारून घ्या.

केटीसाठी क्लासची भली मोठी फी भरण्याची गरज नाही. त्याच कॉलेजातला तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा, हे विषय नीट सुटलेला एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी तासावर शिकवायला मिळते, आणि दोन विषयांसाठी वीस-पंचवीस तास पुरतात. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या. एखाद्या विषयात अगदी दोन-चार गुणांनी गेली असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं, पण मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते. घरात एकच खोली असेल तर अभ्यासाची जागा हा खरा प्रश्न आहे: कॉलेजचं ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं, जवळ महापालिकेची अभ्यासिका आहे का, ते बघा. तुमच्या संकुलातली वाचनालयाची खोली देऊ करण्याआधी तिला विचारा; आई जिथे काम करते तिथे मैत्रिणींसह येऊन बसायला तिला संकोच वाटू शकतो.

लॅपटॉप घ्यायचा झाला तर दुसऱ्या वर्षी घ्या, शाखेचा अभ्यास तेव्हा सुरू होतो. नूतनीकृत, म्हणजे जुना दुरुस्त करून विकलेला, चालेल, पण इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि एसएसडी हवीच, त्याआधीच्या पिढ्यांच्या प्रोसेसरवर विंडोज ११ सहसा अधिकृतपणे चालत नाही. आठ जीबी रॅम पुरेल. मेकॅनिकल किंवा सिव्हिल असेल तर सोळा.

अशाच परिस्थितीतल्या बाकीच्या वाचकांसाठी दोन-तीन गोष्टी. गावाहून येऊन ठाण्यात किंवा नवी मुंबईत भाड्याने राहणाऱ्या, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी वर्षाला ६०,००० रुपयांची मदत आहे: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना स्वाधार, अनुसूचित जमातींना स्वयम्, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्थानिक विद्यार्थ्यांना ती नाही, त्यामुळे पत्रातल्या मुलीला लागू होत नाही. आईवडील कंपनीत असतील आणि पगारपत्रकावर जून-डिसेंबरला कामगार कल्याण निधीची कपात दिसत असेल तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची शिष्यवृत्ती विचारा. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्यांनी पालिकेच्या समाजविकास विभागाची शिष्यवृत्ती बघावी. आणि दाखल्यासाठी निघण्याआधी तालुका तपासा: ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात आहे, तर खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात. चुकीच्या तहसीलची रांग लावून दिवस घालवणारे दर जूनमध्ये दिसतात.

तुमच्या ग्रुपसाठी पुढचं काम असं. पाच जणांतून एकाकडे तिची फाइल द्या, सगळ्यांकडे नको. त्यात जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, अलॉटमेंट लेटर, फीच्या पावत्या आणि बँकेच्या सीडिंगचा प्रिंट यांच्या प्रती असाव्यात. मूळ कागद तिच्याच घरी. कॉलेजने मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवली असतील तर यूजीसीच्या नियमांत ते बसत नाही, परत मागा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आणि नॉन-क्रीमीलेअरसाठी एप्रिलमध्येच अर्ज करा, जूनमध्ये सेतू केंद्रांवर दहावी-बारावीची गर्दी उसळते आणि सर्व्हर रडतो. या वर्षीच्या अर्जाची स्थिती मात्र आज रात्रीच बघायची आहे: तिच्या फोनवर, ओटीपी तिलाच टाकू देऊन.